आत्याचं मराठीतलं दुखणं

आमच्या आत्याला आजवर कधी काही दुखलेलं नाही. हे तिचंच म्हणणं आहे, आणि तंजावूरच्या चारही राजवीथ्यांत ते खोडून काढायची कुणाची छाती नाही. अक्कलदाढ काढली तेव्हा तिला दुखलं नाही. शाळेच्या जिन्यावरून पडून उजवं मनगट मोडलं तेव्हाही दुखलं नाही. वार्षिक परीक्षेचे पेपर तिनं डाव्या हातानं तपासले आणि मार्क दिले ते नेहमीसारखेच कमी. आत्या इथल्या एका मुलींच्या शाळेत गणित शिकवायची, पुढे हेडमिस्ट्रेस झाली. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी बाजारात तिला पाहून निम्म्या बायका आपोआप पदर सावरतात. लग्न तिनं केलं नाही. का केलं नाही हे विचारायला आलेल्यांकडे ती चष्म्यावरून अशी पाहायची की ते कशाला आलो होतो तेच विसरून, कॉफी पिऊन परत जायचे.

आत्याचा एक सिद्धान्त आहे. तमिळ ही लोकांत वावरायची भाषा आणि मराठी ही खरं बोलायची. आमच्या घराण्याला या गावात येऊन दहा-बारा पिढ्या झाल्या. आमची तमिळ शेजाऱ्यांइतकीच चोख आहे. किराणा, कचेरी, शाळा, भांडण सगळं तिच्यातच चालतं. मराठी राहिली ती घराच्या आत, आणि उंबऱ्याबाहेर पडली तर गुपित म्हणून. इथली सगळीच मराठी घरं हे करतात, पण आत्यानं त्याची कला केली आहे. साडीच्या दुकानात ती मालकाकडे पाहून गोड हसते, 'रोम्ब नल्ला इरुक्कु', फार छान आहे, असं म्हणते, आणि चेहऱ्यावरची एक रेघही न हलवता मला मराठीत सांगते की पहिल्या धुण्यात हिचं पोतेरं होणार, ऊठ. लग्नाच्या पंक्तीत नवऱ्यामुलाचा बाप समोर हात जोडून उभा असताना तिनं त्याच्या सांबाराबद्दल मराठीत जे उद्गार काढले ते मी इथे लिहू शकत नाही. त्या गृहस्थांना वाटलं आशीर्वाद दिला. त्यांनी वाकून नमस्कारसुद्धा केला.

या भाषेचा तिला अभिमानही तसाच. एकदा मोठ्या देवळात पुण्याहून आलेलं एक कुटुंब भेटलं. आमचं बोलणं कानावर पडताच त्यातले गृहस्थ थांबले आणि कौतुकानं म्हणाले, की तुमची मराठी किती जुनी आहे हो, गंमत वाटते ऐकायला. आत्या म्हणाली, "आम्ही आणली तशी ठेवली. तुम्ही वापरून वापरून झिजवलीत." गृहस्थ वरमले. मला त्या दिवशी इतका अभिमान वाटला की येताना वाकडी वाट करून मी तिला डिग्री कॉफी, म्हणजे इकडची घट्ट दुधाची फिल्टर कॉफी, पाजली.

तर अशा या आत्याचा डावा पाय लंगडायला लागला. हे वाक्य मी बिनधास्त लिहिते आहे, कारण आत्याला देवनागरी वाचता येत नाही. ती मराठी लिहिते ती तमिळ लिपीत. मी नोकरीपायी काही वर्षं नागपुरात काढली, तेव्हा ही अक्षरं शिकले. लंगडण्याची कारणं तिच्याकडे तयार होती. आमच्या गल्लीला गटाराकडे उतार आहे म्हणून. चप्पल नवी आहे म्हणून. चप्पल जुनी झाली म्हणून. टाउन बसची पायरी तर सरकारनं मुद्दाम उंच करून ठेवली आहे, म्हाताऱ्या माणसांनी फुकट फिरू नये म्हणून. ती बारा महिने हातात छत्री घेऊन चालायला लागली. आमच्याकडचं ऊन पाहता त्यावर कुणी शंका घेतली नाही, पण उन्हात ती छत्री कधी उघडली जात नव्हती, एवढं माझ्या लक्षात आलं. पायाची नखं वाढली होती. वाकून तिथवर हात पोचेना हे खरं कारण. तिचं कारण असं, की नखं कापायला चांगला वार लागतो आणि हल्ली चांगले वार येत नाहीत. एकदा दार लोटलेलं असताना मला दिसलं, की परकरात डावा पाय घालण्यासाठी ती लोखंडी कपाटाला पाठ टेकून उभी आहे आणि ओठ दाताखाली धरला आहे. मी मुकाट्यानं मागे फिरले.

हे सगळं लपवायचं ते माझ्या थोरल्या भावापासून. अण्णा चेन्नईला असतो. मनानं फार चांगला, पण चांगुलपणा आवरत नाही अशातला. आत्यासाठी त्यानं आपल्या फ्लॅटमधली एक खोली रिकामी केली, रंगवली, तिच्यात उंच पलंग आणि पडदे लावून तिचे फोटो पाठवले. आत्यानं फोटो पाहिले आणि म्हणाली, खोली छान आहे, पेशंट कधी येणार? तिला जायचं नव्हतं. इथे तिचं घर आहे, गल्लीत दोन घरं सोडून मी आहे, परसात कढीलिंबाचं झाड आहे, संध्याकाळी ओट्यावर येऊन बसणाऱ्या चार बायका आहेत, आणि कुलूप तिचं, किल्लीही तिची. अण्णाकडे सगळं होतं, पण तिथे ती पाहुणी झाली असती, हे तिला कळत होतं. एरवी ती त्याच्याशी फोनवर मराठीत बोलायची. पायाचा विषय निघाला की मात्र चटकन तमिळमध्ये शिरायची. "वलि इल्ले," म्हणायची. दुखत नाही. अण्णा बिचारा खूश व्हायचा. मी शेजारी बसून तांदूळ निवडायची.

शेवटी मीच हट्टानं तिला हाडांच्या डॉक्टरांकडे नेलं. एक्स-रे निघाला. खुब्याच्या सांध्यातलं गुळगुळीत आवरण झिजलं आहे, संधिवात आहे, पण ऑपरेशनची घाई नको, आधी फिजिओथेरपीचं असेसमेंट करून घ्या, असं ते म्हणाले. अण्णाला कळलंच. त्यानं मला बजावून सांगितलं, की त्या फिजिओ जे सांगतील ते जसंच्या तसं कळव. एकटीनं राहू नये असं म्हणाल्या, तर मी गाडी घेऊन येतो, मग आत्यानं काही बोलायचं नाही. आता खुब्याची गोष्ट खुब्यापुरती उरली नव्हती. ती घराची गोष्ट झाली होती, आणि आत्याला ते पक्कं ठाऊक होतं.

असेसमेंट हा शब्द आत्यानं जन्मभर एकाच अर्थानं ऐकलेला: शाळेला इन्स्पेक्टर येणार. आणि इन्स्पेक्टर येणार म्हटलं की काय करायचं याचा तिचा शिरस्ता ठरलेला होता. फळा धुवायचा, अंगण झाडायचं, कच्च्या मुलींना मागच्या बाकावर बसवायचं, हुशार मुलींनी भराभर हात वर करायचे. इथे कच्ची मुलगी म्हणजे डावा खुबा. क्लिनिकमधून निरोप आला होता की सैल कपडे घाला, एक्स-रे आणि चालू असलेली औषधं बरोबर आणा, नेहमी वापरता ती चप्पल घालून या. आत्यानं खळ घातलेली करकरीत सुती साडी काढली, केसात मोगरा माळला, ठेवणीतली चप्पल घातली. औषधांचं पाकीट तिनं घरीच ठेवलं. मग स्कूटरवर माझ्यामागे बसताना ती अशा बेतानं एक बाजू उचलून बसली, की तिच्या छत्रीचा दांडा माझ्या बरगडीत रुतला.

क्लिनिक नव्या वस्तीत, खालच्याच मजल्यावर होतं. फिजिओ निघाली पंचविशीची मुलगी; केस घट्ट बांधलेले, पायात कापडी बूट, नाव अस्सल तमिळ. ती दारातच उभी होती आणि आत्या स्कूटरवरून कशी उतरते, पायरी कशी चढते, खुर्चीत बसताना कुठल्या हाताचा आधार घेते, हे शांतपणे पाहत होती. आत्याला वाटत होतं परीक्षा अजून सुरू व्हायची आहे. ती खुर्चीत टेकली, मुलीकडे पाहून हेडमिस्ट्रेसचं हसली आणि मला मराठीत म्हणाली, "ही पोर? हिचे दुधाचे दांत तरी पडलेत का पाहा."

मुलीनं तमिळमध्ये विचारायला सुरुवात केली. कधीपासून त्रास आहे, कुठे दुखतं, काय केल्यावर वाढतं, सकाळी उठल्यावर सांधा किती वेळ आखडलेला असतो, झोप लागते का, घरात जिने आहेत का, संडास कसला आहे, आतापर्यंत कधी पडलात का. आत्या प्रत्येक प्रश्नाला आधी तमिळमध्ये उत्तर द्यायची आणि मग, सवयीनं, तेच प्रसन्न तोंड माझ्याकडे वळवून मराठीत खरं सांगायची. झोप? उत्तम लागते, असं तमिळमध्ये. मला, की डाव्या कुशीवर वळलें कीं जीव जातो. कुठे दुखतं? तमिळमध्ये, थोडं गुडघ्यात, तेही कधीमधी. मला, की जांघेंत दुखतें, पण हें मी या पोरीला कशी सांगूं, लाज नाहीं का? गोळ्या? घेत नाही. मला, की दोन घेऊन आलें म्हणून तर बसलें अहे. मी डोळ्यांनी तिला दटावत होते, पण ती रंगात आली होती. मुलगी खाली मान घालून लिहीत होती. तेवढ्याशा 'नाही'ला ती इतका वेळ काय लिहिते, असं मला मध्येच वाटून गेलं, पण म्हटलं असेल त्यांची पद्धत.

मग चालून दाखवायला सांगितलं. आत्या भिंतीपर्यंत ध्वजवंदनाला निघाल्यासारखी ताठ गेली, आणि वळताना तिचं अंग डावीकडे कललं. एका पायावर उभं राहायला सांगितलं, तर ती उजव्यावर दिमाखात उभी राहिली. आता दुसऱ्यावर, म्हटल्यावर भिंतीवरच्या दांडीला धरून एक गिरकी घेतली आणि पुन्हा उजव्यावरच उभी राहिली. मुलीच्या ओठांची कड जराशी हलली. करकरीत साडीत टेबलावर पाय वर उचलता येईना, तेव्हा मुलीनं तिला सैल पायजमा आणि अंगावर चादर दिली. गणिताच्या टीचरांना पायजम्यात पाहायचं भाग्य तंजावुरात मला एकटीलाच लाभलं आहे. मग मुलीनं गुडघा पोटाकडे नेला, पाय बाहेर फिरवला, आत फिरवला. आत फिरवताना तो लवकरच अडला. आत्या छताकडे बघत म्हणाली, "वलि इल्ले." आणि त्याच श्वासात मराठीत, "सोड ग बाई, प्राण जातो." मुलीनं त्याच क्षणी हात सैल केला.

तेव्हा मला पहिल्यांदा संशय आला. आत्याला आला नाही. मुलीनं हातानं विरोध करून पाय बाजूला उचलायला लावला, हात न टेकता खुर्चीतून उठायला लावलं, दोन्ही बाजूंची ताकद पाहिली. आणि मग स्टूल ओढून आत्यासमोर बसली, आणि काय काय दिसलं ते तमिळमध्ये समजावून सांगू लागली. दुखणं गुडघ्यात नाही, जांघेत आहे; खुब्याचं दुखणं असंच येतं, पुष्कळांना ते गुडघ्यात वाटतं, त्यात लाजायचं काही नाही. रात्री डाव्या कुशीवर वळता येत नाही, तर दोन पायांमध्ये उशी घ्यायची. आज गोळ्या घेऊन आलात, म्हणजे एरवीचं दुखणं आज दिसलं त्याहून जास्त असणार. मी खाली पाहिलं. आत्यानं माझ्याकडे वळून जी नजर टाकली, तीच ती कॉपी करणाऱ्या मुलींवर टाकत असे. मी नकारार्थी मान हलवली. मी काही सांगितलेलं नव्हतं.

मुलीनं पेन खाली ठेवलं आणि शब्द चाचपत म्हणाली, "मज मराठी कळतें, टीचर. बोलाय नीट येत नाहीं. आमचें घर ओरत्तनाडुकडचें. आजी बोलायची."

आपण काय काय बोललो त्याची उजळणी आत्याच्या चेहऱ्यावर मला स्पष्ट दिसत होती. दुधाच्या दातांपाशी येऊन ती थांबली. मग तिनं विचारलं, "पहिल्यापासून कळत होतें?"

"पहिल्यापासून."

"मग सांगितलें कां नाहीं?"

मुलगी तमिळमध्ये म्हणाली, की सांगणारच होते, ओठांवर आलं होतं. मग पुन्हा मराठीत, "पण मग तुम्ही खरें सांगितलें नसतें."

मला वाटलं, संपलं. आता आत्या उठणार, छत्री घेणार, आणि या गल्लीचा उतार कुठल्या बाजूला आहे ते सांगत निघून जाणार. आत्या हसायला लागली. शाळेतल्या कुणी तिला असं हसताना पाहिलेलं नाही. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, चादर तोंडाला लावून ती हसली. जन्मभरात किती इन्स्पेक्टर येऊन गेले, एकालाही मागचा बाक दिसला नव्हता. या पोरीनं सरळ तिथे जाऊन बसकण मारली होती. "कोणाची ग तू?" तिनं विचारलं, आणि मग आजीचं माहेर, आजोबांचं गाव, घरात अजून कोण मराठी बोलतं, अशी उलटतपासणी सुरू झाली. मुलगी अडखळत, मध्येच तमिळ घालत उत्तरं देत होती. आत्याचा चेहरा असा फुलला होता, जसा तो शाळेचा निकाल चांगला लागल्यावर फुलायचा.

मग मुलीनं तो प्रश्न विचारला. एवढं सगळं आपण करायचं, ते कशासाठी? तुम्हाला काय करता यायला हवं आहे? सगळ्यांनाच विचारतो आम्ही, ती म्हणाली, कुणाला देवळाची प्रदक्षिणा घालायची असते, कुणाला नातवाला उचलायचं असतं. आत्यानं अंगावरची चादर सारखी केली. या खेपेला तिनं तमिळ वापरलीच नाही. माझ्याकडे न पाहता, त्या मुलीकडे पाहून म्हणाली, "मज माझ्या घरांत राहायचें अहे. असकीं कामें, सगळींच, माझीं मी करून. बाकी कांहीं नको."

मुलीनं काही खोटा धीर दिला नाही, याबद्दल मी तिला अजून मानते. झिजलेलं परत येत नाही, ती म्हणाली. पण खुब्याभोवतीचे स्नायू बळकट करता येतात, दुखणं बरंच कमी करता येतं, आणि पुढे ऑपरेशन लागलंच तरी ही मेहनत वाया जात नाही. एक्स-रेत वाईट दिसणारी माणसंही नीट हिंडतात-फिरतात. खुर्ची उंच करा, परकर बसून नेसा आणि दुखरा पाय आधी घाला, न्हाणीघरात धरायला दांड्या लावा. आणि ती छत्री, ती डाव्या हातात नको, उजव्या हातात. शिवाय छत्री नको, काठीच हवी. आत्यानं विचारलं, की एकटीनं राहूं शकतें का, हें सांग. मुलगी म्हणाली, हे सगळं केलंत तर आज तरी राहू शकता. पण घरच्यांना खरं कळायला हवं. मी तपासलं ते तुमचं आहे, कुणाला सांगायचं ते तुम्ही ठरवा.

त्या संध्याकाळी अण्णाचा फोन आला. मी उचलणार तोच आत्यानं माझ्या हातातून घेतला. पलीकडून त्यानं विचारलं असावं. मी आत्याकडे पाहत होते. खरं सांगितलं तर गाडी येणार आणि खोटं सांगितलं तर पाय जाणार, एवढं साधं गणित होतं.

"अण्णा, ऐक," ती म्हणाली, मराठीत. "मज दुखतें. दोन वर्षें झालीं दुखतें. रात्रीं वळतां येत नाहीं, नखें कापतां येत नाहींत. तुज खोटें सांगत होतें. मी व्यायाम करणार, काठी घेणार, न्हाणींत दांड्या लावून घेणार. आणि येथेंच राहणार."

दुखतं, हे तिच्या तोंडून अण्णानं कधीच ऐकलेलं नव्हतं, मीही त्याच दिवशी पहिल्यांदा ऐकलं होतं, आणि या भाषेत ती आपल्याशी खोटं बोलत नाही, हे आम्हाला लहानपणापासून माहीत होतं. त्यामुळे अण्णाला दुखतं हेही खरं मानावं लागलं आणि राहणार हेही. तो वाद घालण्यात पटाईत आहे, पण त्या दिवशी त्यानं एवढंच विचारलं की दांड्या किती लांबीच्या हव्यात. पुढच्या रविवारी तो गाडी घेऊन आलाच. गाडीत दांड्या होत्या आणि ड्रिल मशीन होतं. बसवल्या त्या त्यानंच, तिरप्या. आत्यानं त्या तिरप्या असल्याचं त्याला लगेच सांगितलं, आणि जाताना त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. मला दोघांचाही अभिमान वाटत होता, आणि कुणाचा जास्त हे ठरवता येत नव्हतं.

आता आत्या रोज सकाळी पलंगावर पडून पाय बाजूला उचलते, खुर्चीतून हात न टेकता उठते-बसते, आणि शेजारणींनाही उठायला-बसायला लावते. ती मुलगी अधूनमधून तपासायला येते. व्यायाम ती सांगते, मराठी आत्या शिकवते, आणि मार्क अजूनही कमीच पडतात. पायाचं म्हणाल तर पुष्कळ फरक आहे. जांघेतली कळ आता रोज येत नाही. येते तेव्हा मात्र आत्या लपवत नाही.

परवा संध्याकाळी आम्ही दोघी देवळातून परत येत होतो. वीथीच्या कोपऱ्यावर ती थांबली आणि काठीवर दोन्ही हात ठेवून उभी राहिली. मी विचारलं, दुखतंय का? ती म्हणाली, "दुखतें ग. आज पुष्कळ." अगदी सहज, भाजीचा भाव सांगावा तशी. याच एका वाक्याची मी दोन वर्षं वाट पाहिली होती. आता ते ऐकल्यावर तिचे पांढरे केस, काठीवरचे ते सुरकुतलेले हात, सगळं मला एकदम दिसलं, आणि क्षणभर वाटलं, तिनं तमिळमध्ये उत्तर द्यायला हवं होतं. मी तिचा दंड धरला. आजवर तिनं तो कुणाला धरू दिला नव्हता. त्या दिवशी दिला.